इंजिन बसलं, वॉरंटी नाकारली : पुढे काय करायचं?

गाडी वॉरंटीत आहे आणि इंजिन बसलं. टोइंग करून गाडी सर्व्हिस सेंटरला पोचते. आठवड्याभराने सर्व्हिस ॲडव्हायझरचा फोन येतो. "सर, कंपनीने क्लेम रिजेक्ट केलाय. कस्टमर निग्लिजन्स दाखवतायत. एस्टिमेट मेल केलंय, तुमचं अप्रूव्हल आलं की काम सुरू करतो." एस्टिमेटचा आकडा लाखाच्या पुढे असतो. खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ असते : अप्रूव्हल वेळेत न आल्यास रोजचं पार्किंग भाडं लागेल.

इथे बहुतेक जण शोरूममध्ये जाऊन आवाज चढवतात, किंवा कंपनीला टॅग करून सोशल मीडियावर लिहितात. त्याचा उपयोग होतच नाही असं नाही. कधी कधी वरचा साहेब जागा होतो. पण मूळ वाद तिथेच राहतो. क्लेम नाकारणं म्हणजे कंपनीने एक दावा करणं : इंजिन आमच्या मालातल्या दोषाने गेलेलं नाही, अमुक कारणाने गेलं. हे 'अमुक कारण' नेमकं सांगितलेलं हवं, लेखी हवं, आणि जो पार्ट मोडला त्याच्याशी जुळणारं हवं. यातल्या तिसऱ्या गोष्टीवर बरेचसे नकार लंगडे पडतात. आणि ती तपासायचा पुरावा इंजिनच्या पोटात असतो, म्हणून इंजिन कोणी, कधी आणि कोणासमोर उघडलं याला भांडणापेक्षा जास्त महत्त्व आहे.

वॉरंटी कशाची, विमा कशाचा

वॉरंटी म्हणजे कंपनीने दिलेला शब्द : माल किंवा जोडणीचं काम सदोष निघालं तर तो पार्ट आम्ही फुकट दुरुस्त करू किंवा बदलू. गाडीला बाहेरून काही झालं तर वॉरंटी लागू होत नाही, तिथे विमा येतो. आणि विम्याच्या ओन डॅमेज भागात, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात, झीज, यांत्रिक किंवा विद्युत बिघाड आणि परिणामी नुकसान (मूळ घटनेतून पुढे ओढवलेलं नुकसान) वगळलेलं असतं. म्हणजे इंजिन आतून गेलं तर विमा कंपनी म्हणते वॉरंटीकडे जा, बाहेरच्या कारणाने गेलं तर कार कंपनी म्हणते विम्याकडे जा. दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं की गाडीमालक मध्ये लटकतो.

ही टोलवाटोलवी सगळ्यात जास्त दिसते पावसाळ्यात. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हजारो गाड्या पाण्यात बुडाल्या. तेव्हापासून दर जून-जुलैत मुंबई-ठाण्यात, आता पुण्यातही, हाच प्रकार लहान प्रमाणात चालू असतो. अंडरपासमध्ये पाणी साचलेलं, गाडी मध्येच बंद पडते, चालक पुन्हा पुन्हा सेल्फ मारतो आणि इंजिन 'ठक' करून अडकतं. मेकॅनिकच्या भाषेत, इंजिनने पाणी ओढलं.

आत काय होतं ते एका हिशोबात कळतं. १२०० सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन घ्या. प्रत्येक सिलिंडर ३०० सीसीचा. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन वर गेल्यावर सिलिंडरमधली एकूण जागा किती पटीने आक्रसते तो आकडा, ११ धरला, तर पिस्टन वर पोचल्यावर त्याच्या डोक्यावर फक्त ३० सीसी जागा उरते. हवा तेवढ्या जागेत दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. म्हणजे एका सिलिंडरमध्ये ३० मिलिलिटरपेक्षा थोडं जास्त पाणी शिरलं, चहाच्या अर्ध्या कपाइतकंसुद्धा नाही, की पिस्टनला वर जायला जागाच नसते. बाकीचे सिलिंडर किंवा स्टार्टर मोटर त्याला ढकलतात आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड म्हणजे पाण्याची सही. एअर फिल्टर ओला, त्याच्या डब्यात गाळाची रेघ, रॉड वाकलेला, इतकं सगळं सापडलं तर वॉरंटी नाकारणं बरोबर आहे आणि त्यावर कंपनीशी भांडण्यात वेळ घालवू नये.

त्या वेळी विमा बघायचा. पूर हा विम्यात धरलेला धोका आहे, त्यामुळे भिजलेल्या सीटा, वायरिंग, कार्पेट याचे पैसे मिळतात. पण पाण्यात उभ्या गाडीला सेल्फ मारल्याने इंजिन गेलं तर विमा कंपनी त्याला परिणामी नुकसान म्हणून बाजूला काढते. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचं जोड-संरक्षण वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं. आपल्या पॉलिसीत ते आहे का, हे आत्ताच बघून ठेवा. गाडी पाण्यात बंद पडली तर चावी फिरवायची नाही, ढकलून किंवा टो करून बाहेर काढायची. हे वाक्य घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगितलं पाहिजे. विमा कंपनीने क्लेम नाकारला तर आधी त्यांच्याच तक्रार विभागाकडे लेखी जायचं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, नकारापासून एका वर्षाच्या आत. मुंबई आणि पुण्यात लोकपालाची कार्यालयं आहेत.

उलटही होतं. पावसाळ्यात इंजिन गेलं म्हणजे पाण्यानेच गेलं, असं वर्कशॉप गृहीत धरतं. रॉड सरळ आहे, एअर फिल्टर कोरडा आहे, पण बेअरिंग घासून निळं पडलंय, तर ही पाण्याची गोष्ट नाही, ऑइलची आहे. महिना कोणता आहे यावरून इंजिनचं निदान होत नाही.

इंजिन उघडण्याआधी

वर्कशॉपचा पहिला कागद येतो तो 'इंजिन उघडून बघावं लागेल, सही करा'. सही करा, पण काही गोष्टी त्याच कागदावर किंवा त्याच दिवशीच्या ई-मेलमध्ये लिहून. इंजिन माझ्यासमोर उघडावं आणि त्याचे फोटो, व्हिडिओ काढू द्यावेत. उघडण्याआधी गाडीचा स्कॅन रिपोर्ट प्रिंट करून द्यावा. ऑइलचा नमुना वेगळा ठेवावा.

स्कॅन रिपोर्ट कशाला? आजच्या गाडीत इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, फॉल्ट कोडची नोंद ठेवतो. अनेक कोडबरोबर त्या क्षणाचं चित्रही साठवतो : इंजिन किती गरम होतं, किती आरपीएमवर होतं, गाडीचा वेग काय होता. कंपनी म्हणत असेल की तुम्ही टेम्परेचरचा लाल दिवा लागल्यावरही गाडी पळवली, तर ते या नोंदीत दिसायला हवं. दिसलं तर तुमची बाजू खरंच पडकी आहे. दिसलं नाही तर तो आरोप हवेत आहे. बॅटरी बराच काळ काढून ठेवली किंवा कोड पुसले की ही माहिती जाऊ शकते, म्हणून ती पहिल्याच दिवशी हातात हवी.

ऑइलचा नमुना तर याहून बोलका असतो. लॅबमध्ये त्यात सिलिकॉन जास्त निघालं तर धूळ आत गेली, एअर फिल्टर किंवा त्याच्या पाइपकडे बघा. कूलंटचे अंश निघाले तर गॅस्केट किंवा हेडला गळती. लोखंड, तांबं निघालं तर कोणता पार्ट घासला याचा अंदाज येतो. डिझेल मिसळलेलं निघालं तर वेगळीच कथा, ती पुढे सांगतो. स्वच्छ, कोरड्या बाटलीत शंभर-दोनशे मिलिलिटर ऑइल, वर तारीख, गाडीचा नंबर, ओडोमीटर आणि दोघांच्या सह्या, एवढं पुरतं. ही बाटली मागितली की ॲडव्हायझरच्या आवाजात फरक पडतो, असा माझा अनुभव आहे.

आणि मोडलेले पार्ट. वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनी परत घेते, ते ठीक. पण क्लेम नाकारून तुमच्या पैशाने दुरुस्ती होत असेल तर जुने पार्ट मागून घ्या आणि घरी आणा. वाकलेला रॉड, घासलेलं बेअरिंग, फुटलेला पिस्टन भंगारात गेला की नंतर कोणताही तज्ज्ञ फक्त फोटोवरून मत देतो, आणि समोरचा वकील पहिला हल्ला त्यावरच करतो.

नकाराची कारणं एकेक करून

सर्व्हिस चुकली, हे सगळ्यात जास्त दिलं जाणारं कारण. बऱ्याच गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, अशी अट असते. आपल्याकडे लोक फक्त किलोमीटर बघतात. गाडी वर्षात चारच हजार चालली, मग सर्व्हिस कशाला, असं म्हणून पुढे ढकलतात आणि 'जे आधी येईल ते' मध्ये अडकतात. पुस्तिकेत पुढे-मागे काही दिवसांची किंवा किलोमीटरची मुभा दिलेली असते का, ते नीट वाचा, पुष्कळदा असते.

समजा सर्व्हिस खरंच चुकली. मग विचारायचं : जे मोडलं ते सर्व्हिस चुकल्याने मोडू शकतं का? ऑइल वर्षानुवर्षं न बदलल्याने आत काळा गाळ साचतो, ऑइलच्या वाटा तुंबतात, टर्बो आणि बेअरिंग जातात. तिथे कंपनीचा मुद्दा पटण्यासारखा आहे. पण ऑइल पंपाचं घर तडकलं, किंवा टायमिंग चेनला (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणाऱ्या साखळीला) ताणून धरणारा टेन्शनर ठरलेल्या आयुष्याच्या खूप आधी तुटला आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले, तर एक सर्व्हिस दोन महिने उशिरा झाली याचा त्याच्याशी काय संबंध? 'अट मोडली' हे खरं असेल. 'अट मोडली म्हणून हे मोडलं' हे वेगळं विधान आहे आणि ते सिद्ध करायला कागद लागतो. ग्राहक आयोगात हमखास जिंकाल असं मी म्हणत नाही, कारण वॉरंटीच्या शब्दांनाही वजन असतं. पण हा प्रश्न लेखी विचारला की गुळगुळीत नकार टिकत नाही.

बाहेरच्या मेकॅनिककडे काम केलं, हे दुसरं आवडतं कारण. इथे मराठी वाचकांनी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड लावला. मूळ मुद्दा सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना न देण्याचा होता. पण त्याच आदेशात आयोगाने असंही सांगितलं की, ग्राहकाने बाहेर काम करून घेतलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. हा आदेश पुढे अपिलांत गेला, त्यामुळे तो काउंटरवर फडकवून काम होईल असं समजू नका. पण त्यातली विचारसरणी आपल्या पत्रात वापरायला कोणी अडवत नाही. बाहेर म्युझिक सिस्टीम बसवली आणि कंपनीने इंजिनची वॉरंटी नाकारली, तर म्युझिक सिस्टीमने कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग कसं घासलं, हे त्यांनी सांगावं.

मात्र बाहेरून बसवलेला सीएनजी किट आणि ईसीयूचं ट्यूनिंग (ताकद वाढवायला सॉफ्टवेअर बदलणं, म्हणजेच रिमॅप) या दोन गोष्टींत संबंध दाखवणं कंपनीला सोपं जातं. सीएनजीवर ज्वलनाचं तापमान आणि व्हॉल्व्हच्या सीटवरचा भार बदलतो. रिमॅप केलेल्या इंजिनमध्ये टर्बोचा दाब वाढवलेला असतो. ट्यूनरने जाताना मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी अनेक ईसीयूंमध्ये सॉफ्टवेअर किती वेळा नव्याने टाकलं (फ्लॅश झालं) याची मोजणी राहते. 'त्यांना कळणार नाही' या भरवशावर जाऊ नका.

भेसळीचं इंधन हे कारण दिलं तर नमुना विचारा. टाकीतलं पेट्रोल किंवा डिझेल कोणासमोर काढलं, कुठल्या लॅबला पाठवलं, अहवाल कुठे आहे? नुसतं 'फ्युएलमध्ये पाणी दिसलं' हे तोंडी वाक्य कारण म्हणून धरता येत नाही. आपल्या बाजूने पेट्रोल पंपाच्या पावत्या, यूपीआयचे व्यवहार काढून ठेवा. रोज एकाच पंपावर भरत असाल तर ते बँकेच्या नोंदीत दिसतंच.

ऑइलचा लाल दिवा लागल्यावर गाडी चालवली, हा आरोप वेगळ्या जातीचा आहे, कारण तो बऱ्याचदा खरा असतो. रस्त्यावरच्या दगडाने ऑइल चेंबर फुटतो, ऑइल गळतं, दिवा लागतो, आणि माणूस विचार करतो की सर्व्हिस सेंटर दोनच किलोमीटरवर आहे, हळूहळू नेऊ. बेअरिंग आणि क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) यांच्यामध्ये केसाहून पातळ ऑइलचा थर असतो, दाब गेला की तो काही क्षणांत तुटतो. पुढचे दोन किलोमीटर धातूवर धातू घासत जातात. गाडी तिथेच बंद केली असती तर चेंबर आणि ऑइलचा खर्च झाला असता. अशा वेळी चेंबर फुटणं हा अपघात म्हणून विम्याकडे जातो, आणि पुढचं इंजिन परिणामी नुकसान म्हणून पुन्हा अडकतं.

आता डिझेलवाल्यांसाठी. एप्रिल २०२० पासून बीएस६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर डिझेल गाड्यांना काजळी पकडणारा फिल्टर आला, डीपीएफ. तो भरला की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून काजळी जाळतं. त्यासाठी बराच वेळ सलग, वेगात गाडी चालावी लागते. कोथरूड ते डेक्कन, डेक्कन ते कोथरूड एवढीच रोजची फेरी असेल तर ही जाळणी मध्येच तुटत राहते, आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी कमी होण्याऐवजी वाढते. पातळ ऑइल बेअरिंगला सांभाळत नाही. कंपनी म्हणते, पुस्तिकेत लिहिलंय की हायवेवर चालवा. ग्राहक म्हणतो, विकताना शहरातली गाडी म्हणूनच दाखवलीत. माझ्या मते इथे ग्राहकाची बाजू दिसते त्यापेक्षा बळकट आहे, पण अट एकच : डीपीएफचा दिवा लागल्यावर तुम्ही सर्व्हिस सेंटरला गेलात याचं जॉबकार्ड हवं. डिपस्टिकवर पातळी 'मॅक्स'च्या वर दिसली तर लगेच तारखेसह फोटो काढा आणि त्याच दिवशी मेल करा.

पत्र कसं लिहायचं

फोनवरचा नकार हा नकार नाही. डीलरचा वर्क्स मॅनेजर आणि कंपनीचं कस्टमर केअर, दोघांनाही एकाच मेलमध्ये घाला, कारण नकार कंपनीचा असतो आणि गाडी डीलरकडे असते. मेल साधा, बिनरागाचा असावा. नमुना देतो :

"माझी गाडी क्रमांक … दि. … रोजी आपल्या वर्कशॉपमध्ये आणली. वॉरंटी क्लेम नाकारल्याचे मला तोंडी सांगण्यात आले. कृपया पुढील बाबी लेखी कळवाव्यात : क्लेमचा क्रमांक व नाकारल्याची तारीख; वॉरंटी पुस्तिकेतील कोणत्या कलमाखाली नाकारला; सर्वप्रथम कोणता पार्ट निकामी झाला व त्याचे कारण; त्या कारणाला आधार असलेला तपासणी अहवाल, फोटो व स्कॅन रिपोर्ट. निकामी पार्ट व ऑइलचा नमुना वाद मिटेपर्यंत नष्ट करू नयेत. सोबतच्या एस्टिमेटला माझी मंजुरी नाही. गाडी वादामुळे आपल्याकडे उभी असल्याने पार्किंग आकारणी मला मान्य नाही."

'सर्वप्रथम कोणता पार्ट निकामी झाला' या ओळीत सगळा जोर आहे. इंजिन बसल्यावर आत दहा पार्ट मोडलेले दिसतात. त्यातला एक आधी मोडलेला असतो, बाकीचे त्याच्यामुळे. कारण त्या पहिल्या पार्टचं शोधायचं. रिपोर्टमध्ये 'पिस्टन, रॉड, ब्लॉक डॅमेज' एवढंच लिहिलं असेल तर तो मोडलेल्या वस्तूंचा पंचनामा आहे, कारण नाही.

तपासणी अहवाल देणार नाही, 'तो इंटर्नल असतो', असं उत्तर येतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून लपवणं हेही येतं. तेवढं एक वाक्य पुढच्या मेलमध्ये घाला.

या टप्प्यावर पुष्कळदा 'गुडविल'चा प्रस्ताव येतो : पार्ट कंपनी देईल, मजुरी तुमची. किंवा निम्मं-निम्मं. हा प्रस्ताव अपमान समजून फेटाळू नका. कोर्टकचेरीत जाणारा वेळ, गाडीविना काढायचे महिने आणि तुमच्या बाजूची खरी ताकद बघून तो घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. फक्त ज्या कागदावर सही करता त्यात पूर्ण व अंतिम तडजोड, यापुढे कोणताही दावा नाही, असं लिहिलं आहे का बघा. आणि दुरुस्त इंजिनवर पुढे किती महिन्यांची वॉरंटी, हे त्याच कागदावर मागा.

गाडीशिवाय चालतच नसेल आणि पैसे भरून गाडी सोडवावी लागली तर बिलावर आणि मेलमध्ये 'हक्क राखून, विरोध नोंदवून पैसे भरत आहे' असं लिहा. गाडी देताना पुढे केला जाणारा समाधानपत्राचा फॉर्म न वाचता सही करून देऊ नका.

ग्राहक आयोगाकडे जायचं ठरलं तर

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती कंपनीवर आदेश काढू शकत नाही, पण मोठ्या कंपन्यांची स्वतंत्र टीम या तक्रारींना उत्तर देते आणि काही प्रकरणं तिथेच मिटतात. मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. गाडीला मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालतं. ही मोजणी तुम्ही किती भरपाई मागता यावर नाही, गाडीला किती पैसे दिले यावर होते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत वैध ठरवली. पाच लाखांपर्यंतच्या गाडीला फी नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४०० रुपये. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे गाडी मुंबईत घेतली आणि तुम्ही आता नांदेडला राहता, तर नांदेडला. वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही भरता येते.

मागणी काय करायची यावर मात्र थांबून विचार करा. रागाच्या भरात लोक नवी गाडी मागतात. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका मारुती गाडीच्या प्रकरणात सांगितलं की वॉरंटीचा शब्द सदोष पार्ट दुरुस्त करण्याचा किंवा बदलण्याचा असेल, तर त्यावरून पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश देता येणार नाही. इंजिनची दुरुस्ती किंवा तिचा खर्च, टोइंगचा खर्च, गाडीविना गेलेल्या काळाची आणि मनस्तापाची वाजवी भरपाई, खटल्याचा खर्च, ही मागणी टिकणारी आहे.

कंपनी आणि डीलर, दोघांनाही प्रतिवादी करा, पण कोणी काय केलं हे वेगवेगळं लिहा. गोव्यातल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की डीलर आणि उत्पादक यांचं नातं 'प्रिन्सिपल टू प्रिन्सिपल', म्हणजे दोन स्वतंत्र व्यावसायिकांमधलं असेल, तर डीलरने परस्पर केलेल्या गैरप्रकाराला, तो माहीत होता हे दाखवल्याशिवाय, कंपनी आपोआप जबाबदार ठरत नाही. सदोष पार्ट हा कंपनीचा विषय. ऑइल फिल्टर सैल बसवला, ऑइल कमी भरलं, हा डीलरच्या कामाचा विषय. सर्व्हिसनंतर पाचशे किलोमीटरच्या आत इंजिन गेलं असेल तर पहिला संशय तिकडेच न्या.

उत्पादनातला दोष आहे हे दाखवण्याचा भार साधारणपणे तक्रारदारावर येतो. नुसतं शपथपत्र पुरत नाही. कायद्यातच सोय आहे की तपासणीशिवाय दोष कळत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तसा अर्ज तक्रारीबरोबरच द्या, खर्च आधी तुम्हाला भरावा लागतो. शिवाय परवानाधारक मोटर सर्वेक्षक किंवा ऑटोमोबाइल अभियंत्याकडून स्वतःचा अहवाल घ्या. सोबत इंजिन उघडतानाचे व्हिडिओ आणि ऑइलची ती बाटली असेल तर अहवालाला हात-पाय येतात. चाचणी लागत नसेल तर तीन महिन्यांत, लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असा कायद्याचा प्रयत्न आहे. प्रत्यक्षात तेवढ्यात होतं असं धरून चालू नका.

गाडी टूरिस्ट टॅक्सी असेल तर समोरचा म्हणेल, हा व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहकच नाही. स्वतः चालवून पोट भरणाऱ्याला कायद्यात सूट आहे. पाच गाड्या चालक ठेवून फिरवणाऱ्याला ती मिळणं कठीण.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते. लेखी नकाराची तारीख लिहून ठेवा आणि मोजणी तिथून सुरू झाली असं धरून चला. मध्ये पाठवलेली स्मरणपत्रं, 'वरच्या साहेबांशी बोलतो' ही आश्वासनं, यांनी मुदत पुढे सरकत नाही.

एक्सटेंडेड वॉरंटी आणि जुनी गाडी

एक्सटेंडेड वॉरंटी ही मूळ वॉरंटीची शेपटी आहे असं समजून लोक ती घेतात. पुष्कळदा तो वेगळाच करार असतो, कधी वेगळ्या कंपनीचा, आणि त्यात टर्बो, इंजेक्टर, गॅस्केट यांची वगळलेल्या पार्टांची यादी लांब असते. नकाराचं पत्र कोणाच्या लेटरहेडवर आहे ते बघा, प्रतिवादी तेच. सेकंडहँड गाडी घेताना ही वॉरंटी आपल्या नावावर झाल्याचं पत्र घ्या, आणि आधीच्या मालकाची सगळी सर्व्हिस हिस्ट्री अधिकृत सेंटरमधून प्रिंट करून घ्या. मधली एक सर्व्हिस गायब असली तर ती गाडी घेण्याआधी कळलेली बरी.

आपल्याच मॉडेलच्या अनेक गाड्यांमध्ये तोच पार्ट जातोय असं दिसलं तर आणखी एक दार आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रिकॉलचं कलम आलं. ठरावीक प्रमाणात मालकांनी एकाच दोषाची तक्रार सरकारी पोर्टलवर केली तर केंद्र सरकार चौकशी करून कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. तिथे तक्रार नोंदवल्याने तुमचा पैसा परत येत नाही. पण उद्या त्या पार्टचा रिकॉल जाहीर झाला, तर तुमच्या गाडीचा चॅसिस क्रमांक त्या यादीत आहे का ते तपासून ती नोटीस आयोगापुढच्या कागदांना जोडता येते. 'कस्टमर निग्लिजन्स'वाल्या रिपोर्टला मग कंपनीच्याच कागदाने उत्तर मिळतं.